तहान आणि तण्हा

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला होता आणि टाळूलाही भेग होती. दवाखान्यात भेटायला आलेल्या बायांपैकी पहिलीने विचारलं, "ग्रहणात काही कापलं-चिरलं होतंस का गं?" दुसरीने सुई-दोऱ्याचं विचारलं. तिसरी खोलीत गप्प बसली, पण जिन्यात मला हळूच म्हणाली, "गेल्या जन्मीचं काहीतरी देणं असणार. त्याशिवाय असं होत नाही." ही तिसरी आमच्याच वस्तीतली. तिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे आणि घरातल्या थोरांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत.

पुढचे कितीतरी दिवस माझी बहीण जुनी दिनदर्शिका घेऊन ग्रहणाची तारीख शोधत बसायची. त्या दिवशी आपण भाजी चिरली होती का, हे आठवायचा प्रयत्न करायची.

मी बौद्ध घरात वाढले आणि शिकले मिशनच्या शाळेत. घरी बुद्धवंदना, शाळेत सकाळची प्रार्थना आणि आठवड्यातून एकदा बायबलचा तास. दुःख का असतं, या प्रश्नाची दोन उत्तरं माझ्या कानांवर लहानपणापासून एकाच वेळी पडत आली. त्यामुळे बहिणीपाशी बसले तेव्हा आपल्याकडे त्या बायांपेक्षा चांगलं काहीतरी सांगण्यासारखं आहे, असं मला वाटलं. मी तिला समजावायला लागले, की दुःखाचं मूळ तृष्णेत असतं, बाळ अमुकच असावं ही आपली ओढ असते, ती ओढ सैल झाली की मन शांत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, हिला जरा घे. मला तासभर झोपू दे."

मी बाळाला घेतलं. त्या तासाभरात माझ्या लक्षात आलं की मी तिला त्या तिघींच्याच रांगेत उभं राहून बोलले होते. त्यांनी ग्रहण काढलं, मी तृष्णा काढली. दोन्हींचा रोख एकाच ठिकाणी होता: जे झालं त्याचं कारण तुझ्यात आहे.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. दुःखाचं कारण शोधणं आणि दुःखात असलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बुद्ध आणि येशू दोघांनाही हा फरक नेमका माहीत होता. त्यांच्या मागून आलेल्या परंपरांनी तो अनेकदा पुसून टाकला, आणि आपल्या समाजात तर तो जवळजवळ उरलेलाच नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात रस्त्याच्या कडेला एक जन्मांध माणूस आहे. त्याला पाहून शिष्य गुरूला विचारतात: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आमच्या दवाखान्यातल्या प्रश्नात आणि या प्रश्नात तसूभरही फरक नाही. येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. मग तो थुंकीने माती कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन ये म्हणतो. या दोन्हींच्या मध्ये तो आणखी एक वाक्य बोलतो: देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं. हे वाक्य मला शाळेपासून टोचत आलं आहे. देवाचं कार्य दिसावं म्हणून एखाद्याने अर्धं आयुष्य अंधारात काढायचं? मला त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण कोणी दिलेलं नाही. पण त्या अध्यायाचा शेवट मात्र मी विसरू शकत नाही. दृष्टी आलेला तो माणूस धर्माधिकाऱ्यांपुढे निर्भयपणे बोलू लागतो, तेव्हा ते त्याला म्हणतात, तू तर पुरता पापात जन्मलेला, आणि बाहेर हाकलतात. डोळे मिळाले तरी ठपका गेला नाही.

लूककृत शुभवर्तमानात याच शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. येशू जमलेल्यांना विचारतो: ती अठरा माणसं यरुशलेमातल्या इतर सर्वांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. हे वाचताना मला नेहमी किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. हजारो माणसं गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादेत 'पाप फार वाढलं होतं' असं म्हणणारे भेटलेच. खरं कारण डोळ्यांसमोर पडलेलं होतं: मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा बोजा. तेवढ्याच ताकदीचा भूकंप नीट बांधलेल्या गावात इतके बळी घेत नाही. पापाला कारण मानणारा माणूस भिंतीकडे बघत नाही, हे त्या समजुतीचं सगळ्यांत मोठं नुकसान.

आता बुद्धाकडे. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक राजगृहात बुद्धाला भेटतो. तो विचारतो: काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे काही सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वीच्या कर्मामुळे, यावर आपलं काय मत? बुद्धाने दिलेलं उत्तर आमच्या वस्तीतल्या प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहावं असं मला वाटतं. तो म्हणतो, काही वेदना पित्तातून होतात, काही कफातून, काही वातातून, काही तिन्हींच्या एकत्र बिघाडातून, काही ऋतुपालटामुळे, काही शरीराची हेळसांड झाल्यामुळे, काही बाहेरून झालेल्या आघातामुळे, आणि काही कर्माच्या फळामुळे. आठ कारणं, त्यांत कर्म आठवं. जे सगळंच पूर्वकर्मावर लोटतात ते स्वतःच्या अनुभवाच्या पलीकडचं आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडचं बोलतात, त्यांचं चुकतं, असं तो सरळ सांगतो.

हे मी सांगते तेव्हा एक गोष्ट लपवणार नाही. त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथसंग्रहात, याच्या उलटही आहे. त्यातल्या उदान या ग्रंथात सुप्पबुद्ध नावाचा कुष्ठरोगी आहे, राजगृहातला, अगदी कंगाल. गर्दी दिसली म्हणून इथे अन्न वाटप असेल अशा आशेने तो येतो, आणि सगळ्या सभेत बुद्धाची नजर त्याच्यावर ठरते, कारण धम्म समजण्याची पात्रता त्याला त्याच्यातच दिसते. कथेचा हा अर्धा भाग इतका सुंदर आहे की तिथेच थांबावंसं वाटतं. पण पुढे सुप्पबुद्धाला गाय मारते, तो मरतो, भिक्खू कारण विचारतात, आणि उत्तर येतं की गेल्या एका जन्मी हा श्रीमंताचा मुलगा असताना एका प्रत्येकबुद्धाला, म्हणजे गुरूविना स्वतःच बोधी मिळवलेल्याला, पाहून थुंकला होता, त्याला कोढी म्हणाला होता. म्हणजे जिन्यातल्या त्या बाईचं म्हणणं शास्त्राधाराशिवाय नव्हतं. ख्रिस्ती बाजूलाही तसंच. योहानाच्याच पाचव्या अध्यायात येशू बऱ्या केलेल्या एका रोग्याला म्हणतो, यापुढे पाप करू नकोस, नाहीतर आणखी वाईट होईल.

पुढे हिप्पोचा बिशप असलेल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने आदामाच्या पापाचा वारसा जन्मजात ठरवला, इतका की बाप्तिस्म्याआधी मरण पावलेलं तान्हं बाळही त्यातून सुटलं नाही. पेलागियस या दुसऱ्या ख्रिस्ती विचारवंताने याला विरोध केला, तर ४१८ सालच्या कार्थेजच्या परिषदेने त्याचं मत धिक्कारलं. अशा बाळांसाठी आशा बाळगायला आधार आहे, असं व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये लिहिलं. मधल्या सोळाशे वर्षांत बाळ गमावलेल्या किती आयांनी काय सोसलं असेल, याचा विचार करवत नाही.

दोन्ही ग्रंथसंग्रहांत दोन्ही सूर आहेत. त्यांतला कोणता आपण उचलतो ही आपली जबाबदारी आहे आणि ग्रंथावर ती ढकलता येत नाही. बाबासाहेबांनी ही जबाबदारी उघडपणे घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच ते विचारतात की चार आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणुकीत होती का, कारण जीवनच दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख म्हटलं तर माणसाला आशा ती कुठली? बौद्धेतरांना धम्माकडे येताना हा मोठा अडथळा वाटतो, असं ते म्हणतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथाही ते मान्य करत नाहीत. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटू पाहणाऱ्या युद्धाला विरोध केल्यामुळे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. दुःखाचं दर्शन पाण्याच्या वाटपाशी झालं, असं ते सांगतात.

पाण्याचा विषय निघाला म्हणून एका शब्दाकडे बघू. संस्कृत 'तृष्णा', पालीत 'तण्हा', आणि तोच शब्द घासत घासत मराठीत आला तो 'तहान'. दुसऱ्या आर्यसत्यात बुद्ध ज्याला दुःखाचं मूळ म्हणतो आणि उन्हात चालून आलेल्या माणसाच्या घशाला जी कोरड पडते, त्या दोघांना आपल्या भाषेत एकाच आईचा शब्द आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या काठावर जी माणसं ओंजळ भरून पाणी प्यायली, त्यांची ती तहान होती. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून कागदावर होता, तरी ते पाणी प्यायल्याबद्दल त्यांना मार खावा लागला आणि नंतर तळं शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केलं गेलं. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्या माणसांना कोणी म्हणालं असतं, बाबांनो, तुमचं दुःख तुमच्या तृष्णेत आहे, तर? बोलणारा आर्यसत्यच बोलला असता, आणि तरीही ते घोर असत्य झालं असतं.

म्हणून मला वाटतं, तृष्णा आणि पाप हे दोन्ही शब्द व्याकरणातल्या प्रथम पुरुषात वापरायचे आहेत. 'माझी तृष्णा', 'मी पाप केलं'. बोधिवृक्षाखाली बसलेल्या माणसाने तृष्णा शोधली ती स्वतःच्या मनात. पापनिवेदन करणारा ख्रिस्ती माणूस म्हणतो, माझ्या हातून घडलं. या जागी हे शब्द औषधासारखे काम करतात. मला स्वतःला केलं आहे. बढतीच्या, मानापमानाच्या, कोण काय म्हणालं याच्या दुःखात दोन बाणांचं सुत्त, म्हणजे बुद्धाचं एक प्रवचन, मला अनेकदा उपयोगी पडलं आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण आपल्या मनाला मारून घेतो. पहिला टाळता येत नाही, दुसरा येतो. पण हेच शब्द द्वितीय पुरुषात गेले की नासतात. 'तुझी आसक्ती', 'तुझं पाप', 'तुझी श्रद्धा कमी पडली', 'देव तुझी परीक्षा पाहतोय'. निदान करण्याचा अधिकार दुखणं असलेल्याकडून काढून घेऊन बघ्याने स्वतःकडे घेतलेला असतो.

बुद्धाने स्वतः हे पाळलं. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गौतमीला त्याने तण्हेवर प्रवचन दिलं नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, एवढंच सांगितलं, आणि तिला लोकांच्या दारांशी पाठवलं. दारोदार तिला मोहरी मिळत होती आणि प्रत्येक घरातलं मरण ऐकायला मिळत होतं. कळलं ते तिचं तिला कळलं. येशूही आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या, कबरीपाशी येतो तेव्हा आधी रडतो.

तृतीय पुरुषाचं मात्र वेगळं आहे. दुःख जेव्हा कोणीतरी कोणालातरी देत असतं, तेव्हा देणाऱ्याकडे बोट दाखवावंच लागतं, नाहीतर धर्म भित्रा ठरतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या आमोस या संदेष्ट्याने गरिबाला पायतणाच्या जोडासाठी विकणाऱ्यांना त्यांच्या उत्सवांसह झिडकारलं आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हटलं. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेडेयीन इथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी गरिबी ही अन्यायाच्या रचनेतून येते असं म्हटलं आणि पाप हा शब्द एकेका माणसाच्या मनातून काढून व्यवस्थेला लावला. बाबासाहेबांचं आणि त्यांचं इथे जुळतं. मग हेही म्हणायला हवं की आपल्या देशात ख्रिस्ती झालेल्या दलितांच्या वाट्याला जात आलीच, पुष्कळ ठिकाणी चर्चच्या आतही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती आधी फक्त हिंदूंपुरत्या मान्य केल्या, १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, १९९० मध्ये आम्हा बौद्धांना, आणि ख्रिस्ती व मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. धर्म बदलल्यावर दुःखाचं कारण संपतं असं कायद्याने गृहीत धरलं आहे. गावातल्या कोणालाही विचारा, ते संपत नाही. आम्हाला मिळालं तेच त्यांना मिळावं असं मला वाटतं, आणि हे आम्ही बौद्धांनी मोठ्याने म्हणायला हवं.

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असा माझा निष्कर्ष कोणी काढू नये. या दोघांत खरं अंतर आहे. बुद्धाच्या जगात दुःख कारणांच्या साखळीतून येतं आणि साखळी तोडता येते. तिथे वर कोणी बसलेलं नाही, त्यामुळे 'त्याने हे का होऊ दिलं' ही गाठच पडत नाही. ख्रिस्ती विचाराला ती गाठ सुटलेली नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनची चर्च भरलेली असताना भूकंप झाला आणि सबंध युरोप त्या प्रश्नापुढे हादरला. विचाराच्या नेटकेपणात मला बुद्धाची बाजू पटते. तरीही एक गोष्ट मला बौद्ध परंपरेत सापडली नाही आणि ती बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सापडली, ती म्हणजे तक्रार करण्याची मुभा. मुलंबाळं, गुरंढोरं, शरीर सगळं गेलेला ईयोब राखेत बसून देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसतात, आणि तेवढंच त्यांचं खरं सांत्वन. तोंड उघडल्यावर ते अपराध हुडकू लागतात: तू काहीतरी केलं असशील, तुझ्या मुलांनी केलं असेल. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. माझ्या बहिणीला त्या दिवसांत भांडायला कोणीतरी हवं होतं, आणि कार्यकारणाच्या साखळीशी भांडता येत नाही.

क्रुसावरचा येशू स्वतःही विचारतो, माझ्या देवा, तू मला का टाकलंस? त्याचं उत्तर तिथे येत नाही. योहान सांगतो की शेवटी तो म्हणाला, मला तहान लागली आहे. कोणीतरी स्पंज आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवून त्याच्या तोंडाला लावला.

दुःखाचं खरं कारण कळलं की हात कामाला लागतात. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधला, गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण महारोग म्हणजे पापाचं फळ ही समजूत इतकी चिवट, की कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यातून निघायला २०१९ साल यावं लागलं. दुभंगलेल्या ओठाचंही तसंच आहे. जगात सुमारे सातशे बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत चेहऱ्याचे भाग नीट जुळत नाहीत. त्यामागे काही आनुवंशिक, काही बाहेरची कारणं असतात, आणि अनेकदा एकच एक कारण दाखवता येत नाही. चंद्र-सूर्याच्या सावलीचा त्यात काही संबंध नाही. तरी प्रत्येक ग्रहणाच्या आधी वाहिन्यांवर गरोदर बायांसाठी निषेधांची यादी सुरू होते. त्याच वेळात फॉलिक ॲसिडची गोळी केव्हापासून घ्यायची, ती सरकारी दवाखान्यात कशी मिळते, एवढं सांगितलं तर निदान मज्जारज्जूचे कितीतरी दोष टळतील. ही यादी दाखवणं वाहिन्यांनी बंद करावं. आणि विहारात, चर्चमध्ये, दशक्रियेच्या प्रवचनात, शोकसभेत जे बोलतात, त्यांनी कृपा करून मेलेल्या मुलाच्या आईला कारण सांगू नये. ती विचारेल तेव्हाही आधी तिच्याजवळ बसावं.

विनयपिटकात, भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धाने पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला बिछान्यावर नीट निजवलं. मग बुद्ध संघाला म्हणाला: ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो: मी तहानेला होतो, तुम्ही मला पाणी दिलंत, या लहानांतल्या लहानासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत. त्या आजाऱ्याचं पूर्वकर्म काय होतं, हे आनंदाने विचारलं नाही. तहानेल्याची तहान कशामुळे, हे त्या राजानेही विचारलेलं नाही.

भाचीच्या ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत झाली, टाळूची वर्षाच्या आसपास. आता ती चार वर्षांची आहे. टाळूला भेग असलेल्या मुलांचा श्वास बोलताना नाकातून निसटतो, त्यामुळे प आणि ब ही अक्षरं जड जातात. 'पाणी'चं 'माणी' होतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे बहीण तिला आठवड्यातून दोनदा नेते. त्या तिच्या ओठांसमोर कापसाचा बोळा धरतात आणि तो उडेल असा प म्हणायला लावतात. परवा मी गेले होते तेव्हा ती खेळून दमून आली आणि पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माणी." बहिणीने पेला भरला, तिच्या हातात दिला, आणि ती पिऊन होईपर्यंत थांबली. मग बोळा घेऊन दोघी परत बसल्या.